ठोके मर्यादेत, तरी मंगळवारी आडवी: घड्याळ लावून पेसिंग करताना नेमकं कुठे चुकतं

पेसिंग म्हणजे अंगातली ताकद जपून वापरणं, झेपेल त्याच्या आतच राहणं. त्यातली माझी तक्रार अशी आहे. कोविडनंतर जडलेला एमई-सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तो आजार), हातात स्मार्टवॉच, त्यात हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा टाकलेली, अलर्ट चालू. सगळं नीट. तरी दर मंगळवारी क्रॅश, म्हणजे सगळं त्राण जाऊन आडवं पडणं. सकाळी घसा धरलेला, अंगात कणकण पण थर्मामीटरवर ताप नाही, चहाचा कप उचलताना हात थरथरतो आणि ‘मीठ’ हा शब्द आठवत नाही म्हणून मुलीला "ते पांढरं दे" असं सांगावं लागतं. घड्याळातला सोमवारचा आलेख उघडून बघावा, तर सोमवार एकदम सोवळा. कुठे मर्यादा ओलांडलेली नाही, कुठे अलर्ट नाही.

पाच महिने मी या मंगळवाराशी भांडले. शेवटी कळलं की कारण एक नव्हतंच, चार-पाच होती आणि एकमेकांच्या आड दडून बसली होती. मला ती ज्या क्रमाने सापडली तो क्रम अगदीच वेडावाकडा होता. म्हणून खाली ती ज्या क्रमाने तपासायला हवी होती त्या क्रमाने लिहिते.

आधी एक खुलासा, हे घरच्यांना वाचायला देणार असाल तर त्यांच्यासाठी. हा आजार म्हणजे नुसता थकवा नाही. झेपेल त्याच्या पुढे थोडंसं जरी काम झालं तरी शरीर त्याची वसुली नंतर करतं, बहुधा १२ ते ४८ तासांनी, आणि ती वसुली काही दिवस, कधी काही आठवडे चालते. ‘रोज थोडं थोडं वाढवत जा’ हा सल्ला इथे उलटा पडतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराबद्दलच्या आपल्या सूचना बदलल्या, तेव्हा ठरावीक वेगाने वाढवत नेण्याचा व्यायाम उपचार म्हणून देऊ नका असं त्यात स्पष्ट लिहिलं. मी ते पान छापून फ्रिजवर लावलंय. सासूबाई ते वाचून म्हणाल्या, "म्हणजे आळशीपणाला सरकारी परवानगी." आता त्याच माझ्या हातातून भाजीची पिशवी काढून घेतात, ते सोडा.

मर्यादा आली कुठून, हे आधी बघा

बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथेच. माझं तर दोनदा चुकलं, दोन्ही टोकांना.

शरीर प्राणवायूच्या जोरावर जी ऊर्जा बनवतं ती पुरेनाशी होते त्या उंबरठ्याच्या खाली राहायचं, ही यामागची कल्पना. निरोगी माणसाला तो उंबरठा चांगलं धावल्यावर लागतो. आपल्यातल्या कित्येकांना तो केस विंचरताना लागतो. नेमका मोजायचा तर तोंडाला मास्क लावून सायकलवर बसवतात, आणि सलग दोन दिवस तीच चाचणी करतात, कारण या आजारात दुसऱ्या दिवशी तो उंबरठा आणखी कमी कामावर गाठला जातो. पण ती चाचणी स्वतःच माणसाला आडवं पाडू शकते. मी केलेली नाही, करणारही नाही. मग अंदाजावर काम चालवायचं.

पहिला अंदाज सगळीकडे फिरत असतो: २२० मधून वय वजा करा आणि उरलेल्याचे ६० टक्के घ्या. माझं वय ४३. म्हणजे १७७ चे ६० टक्के, १०६. मी १०६ टाकलं आणि तीन आठवड्यांत दोनदा पडले. यातला २२० वजा वय हा भागच मुळात ढोबळ आहे, निरोगी माणसांतही तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. त्यात या आजारात कित्येकांचे ठोके जोर लावला तरी हवे तितके चढतच नाहीत. त्यांच्यासाठी हा आकडा फारच वर बसतो.

दुसरा अंदाज कॅलिफोर्नियातल्या वर्कवेल फाउंडेशनचा: सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता ठोके मोजायचे, सात दिवसांची सरासरी काढायची आणि त्यात १५ मिळवायचे. हा आकडा कडक आहे, पण माझ्या अनुभवाला हाच उतरला. मात्र यात एक खाच आहे. मी सात दिवस मोजायचा कंटाळा केला आणि घड्याळात ‘विश्रांतीचे ठोके’ म्हणून जो आकडा दिसतो तोच उचलला. तो होता ५७. अधिक १५, म्हणजे ७२. परिणाम? घड्याळ दिवसभर वाजत राहिलं. कूस बदलली, वाजलं. हसले, वाजलं. चौथ्या दिवशी मी आवाज बंद केला, आणि तो बंद केल्याचं नंतर विसरूनही गेले.

काही घड्याळं रात्रीच्या गाढ झोपेतला सगळ्यात खालचा आकडा विश्रांतीचा म्हणून धरतात, काही झोप वगळून दिवसातल्या शांत वेळेचा धरतात. कंपनीगणिक पद्धत वेगळी. त्यामुळे तो आकडा उचलायचा नाही. जाग आल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी, पडल्या पडल्या दोन मिनिटं थांबून मोजायचं. माझी खरी सरासरी निघाली ६७. मर्यादा ८२.

आणि हो, क्रॅशमधल्या आठवड्याची सरासरी काढू नका. तेव्हा सकाळचे ठोकेच पाच-सात-दहाने चढलेले असतात. त्यात १५ मिळवलेत तर ज्या आठवड्यात कमी करायला हवं नेमक्या त्याच आठवड्यात मर्यादा वर सरकते. मी हेही केलंय. बऱ्या आठवड्याचा आकडा घ्यायचा आणि तोच धरून ठेवायचा. एखाद्या सकाळी तो पाच-सहाने जास्त दिसला तर मर्यादा तीच ठेवून त्या दिवसाची कामं निम्मी करते. बायकांनी पाळी येण्याआधीचे दिवसही लक्षात घ्यावेत, तेव्हा आकडा दोन-चारने वर असतोच. एप्रिल-मेच्या उकाड्यातही चढतो. कारण साधं असलं तरी काम कमी करणं सुटत नाही.

ठोक्यांवर परिणाम करणारं औषध चालू असेल, उदाहरणार्थ प्रोप्रानोलॉलसारखा बीटा ब्लॉकर किंवा आयवाब्राडीन, तर वरचं सगळं गणित बदलतं. गोळी ठोके खाली ओढते, कष्ट मात्र तेवढेच राहतात. औषध सुरू झालं किंवा डोस बदलला की सकाळचे सात दिवस पुन्हा मोजायचे आणि त्यावरही डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही. घड्याळासाठी गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नका. आणि सकाळचा आकडा कायमच चढा असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे निम्म्या घरांत यातलं काहीतरी निघतं आणि ते बरं होण्यासारखं असतं.

घड्याळ वाजलंच नाही

माझ्या मंगळवारचं मुख्य कोडं इथे सुटलं, म्हणून जरा सविस्तर.

‘ठोके वाढल्यास सूचना’ अशी जी सोय बहुतेक घड्याळांत असते, ती आपल्यासाठी बनवलेलीच नाही. माणूस दहाएक मिनिटं स्वस्थ बसलेला असताना ठोके वाढले तर हृदयाचं काही बिघडलंय का, हे सांगायला ती असते. तुम्ही हालचाल करत असाल तर घड्याळ समजतं, करतोय बिचारा काहीतरी, वाढणारच ठोके. आणि गप्प बसतं. शिवाय एरवी बॅटरी वाचवायला ते दर क्षणी मोजतही नाही, मधून मधून डोकावतं.

आमच्याकडे रविवारी सकाळी डोसे होतात. आठवडाभर पोळ्यांना बाई येतात, रविवारी त्यांची सुट्टी. डोसे मीच घालायचे, कारण "तुझ्यासारखे जाळीदार कुणाला जमत नाहीत," या एका वाक्यावर मी गेली पंधरा वर्षं ओट्यासमोर उभी आहे. चाळीस मिनिटं. घड्याळ गप्प. सोमवारी तर मला उलट बरं वाटायचं, अंगात वारं भरल्यासारखं. त्या भरात कपाट आवरायचे. मंगळवारी पडायचे आणि दोष द्यायचे सोमवारच्या कपाटाला.

एका रविवारी मी घड्याळात ‘इतर व्यायाम’ हा प्रकार चालू करून त्यात ८२ ची वरची मर्यादा टाकली आणि डोसे घालायला उभी राहिले. व्यायाम चालू असला की घड्याळ सतत मोजतं आणि मर्यादा ओलांडली की लगेच मनगटावर थरथरतं. तवा तापेपर्यंत ९१. तिसऱ्या डोशाला १०४. पिठाचं पातेलं काढायला फ्रिजसमोर वाकून उठले, ११४. खुर्चीत बसल्यावर ८२ च्या खाली यायला अकरा मिनिटं लागली. तुम्हालाही बसल्यावर ठोके लवकर उतरत नसतील तर कधीच पुढे गेला आहात असं समजा आणि सरळ आडवे व्हा.

तेव्हा उपाय हा: कामाला लागण्याआधी व्यायामाचा प्रकार चालू करा, वरच्या मर्यादेचा अलर्ट त्याच्या आत जाऊन टाका, आवाजाऐवजी थरथर ठेवा. बॅटरी भसाभसा उतरेल, रोज चार्ज करावं लागेल. आणि ‘आज फक्त ४१२ पावलं, उठा, चाला!’ वगैरे सूचना मुळापासून बंद करा. मला घड्याळाने एकदा डोशांच्या चाळीस मिनिटांबद्दल शाबासकीचं पदक दिलं होतं.

थरथरलं की हळू नाही व्हायचं. थांबायचं. डोसा तव्यावर असेल तर गॅस बंद करून थांबायचं.

घड्याळ दाखवतंय ते खरं आहे का

मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची ये-जा बघतं. पट्टा सैल असेल, हात गार असतील, मनगट वाकलेलं असेल, गोंदण असेल तर ते गोंधळतं. आणि हात एका लयीत हलत असेल तर ते हाताची लयच ठोके समजून मोजायला लागतं. कणीक मळणं, पोळी लाटणं, नारळ खवणं, कपडे घासणं, सगळी आपली कामं लयीतलीच. पोळी लाटताना मला १२८ दिसायचे. एकदा लाटणं खाली ठेवून लगेच मानेवर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजले, ४७ भरले. म्हणजे ९४. जास्तच, पण १२८ नव्हेत. उलटही होतं: कपडे पिळताना मनगट वळलेलं असतं तेव्हा निवांत ७१ दाखवतं आणि कान मात्र गरम झालेले असतात.

पडताळायला घरातलीच वस्तू आहे. २०२१ साली घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडलेला असेल, त्याचे सेल बदला. तो ठोकेही दाखवतो. बोट गार नको, नेलपॉलिश नको, आणि मोजताना हात स्थिर हवा. दिवसातून दोनदा घड्याळ आणि ऑक्सिमीटर शेजारी शेजारी बघितलेत तर आठवड्यात घड्याळाचा स्वभाव कळतो.

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला, आणि जरा घट्ट. बांगड्या दुसऱ्या हातात. मी त्या दोन्ही हातांत घालायचे आणि त्या घड्याळावर आपटून त्याला वर ढकलत राहायच्या, हे कळायला मला महिना लागला.

एवढं करूनही आकडे उड्या मारत असतील तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयातले विजेचे संकेत पकडतो, त्यामुळे हात कसाही हलला तरी फरक पडत नाही. लावण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या, नाहीतर कोरड्या कातडीवर तो पहिली काही मिनिटं काहीही सांगतो. वापरून झाल्यावर त्यावरची मोजणारी डबी काढून ठेवायची आणि पट्टा धुवायचा. मे महिन्यात घामोळं येतं, तेव्हा मी दंडावर बांधायचा पट्टा वापरते. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटापेक्षा स्थिर असतो.

नुसतं उभं राहिलं तरी वाजतं

मर्यादा बरोबर, घड्याळ बरोबर, आणि तरी उभं राहताक्षणी थरथर सुरू होत असेल तर प्रश्न कामाचा नाही, उभं राहण्याचा आहे. घरी असं बघता येतं: पाच-दहा मिनिटं शांत पडून राहा, ठोके लिहा. मग भिंतीला पाठ टेकवून, पावलं भिंतीपासून थोडी पुढे ठेवून दहा मिनिटं न हलता उभे राहा आणि दर मिनिटाला ठोके लिहा. जमलं तर रक्तदाबही. शेजारी कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा, दहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. रक्तदाब न पडता ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले (१२ ते १९ वयाच्या मुलांत ४०) तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. पॉट्स नावाचा प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. पाणी आणि मीठ वाढवणं हा त्यातलाच एक, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मिठाला हात लावू नका.

माझे २६ वाढले. पॉट्सच्या रेषेच्या आत, पण १५ ची मर्यादा मोडायला पुरेसे. म्हणून आता उभ्याने काही नाही. ओट्याशी उंच स्टूल. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने ठोके चढतात. केस धुवायचे असले तर त्या दिवशी दुसरं काही नाही. कपडे वरच्या दोरीवर नाहीत, कमरेएवढ्या स्टँडवर.

आजीच्या पद्धतीने पाटावर बसून विळीवर भाजी चिरून बघितली. चिरताना ७६, फारच छान. उठताना १२१. विळी परत माळ्यावर गेली.

ठोक्यांना न कळणारी कामं

मुलीच्या कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरताना दोन तास मी ७४ वर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रॅश. डोक्याचं काम, आवाज, झगझगीत उजेड, चार पाहुण्यांशी एकाच वेळी बोलणं, यातलं काहीही ठोक्यांत पुरतं उतरत नाही. शरीराला ते लागतं, घड्याळाला दिसत नाही. इथे घड्याळाचा टायमर वापरते: १५ मिनिटं काम, मग डोळे मिटून १५ मिनिटं पडणं. मोबाइल बघत पडणं मी यात धरत नाही. फॉर्म चार दिवसांत भरून झाला. मुलीची चिडचिड झाली, मुदत चुकली नाही.

तसंच, दिवसभर ८० वर राहिलं आणि ८२ कधीच ओलांडलं नाही म्हणून हिशेब चुकता झाला असं नाही. मी मर्यादेला परवानगी समजत होते. ८२ च्या खाली आहे ना, मग चालू दे, असं करत सहा-सहा तास बसून कामं ओढायचे. तेही जमत नाही.

दोन चौकटी मागे

दुधाचा हिशेब लिहायची भिंतीवरची दिनदर्शिका आता माझी आहे. रोजच्या चौकटीत सकाळचे ठोके, मर्यादेच्या वर गेलेली मिनिटं आणि एखादा शब्द: डोसे, फॉर्म, नणंद, भांडण. क्रॅश आला की आज-काल बघत नाही, बोट ठेवून दोन चौकटी मागे जाते, कधी तीन. मंगळवारच्या दोन चौकटी मागे पाच वेळा ‘डोसे’ लिहिलेलं दिसलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ॲपमधले रंगीत आलेख मला हे कधी सांगू शकले नाहीत. त्यांना डोसे माहीत नाहीत.

आता रविवारी नवरा डोसे घालतो. जाळी पडत नाही. मंगळवारचे क्रॅश थांबले. महिन्यातून एखादा अजून येतो, पण त्याच्या दोन चौकटी मागे काय लिहिलेलं असेल ते मला बहुधा आधीच माहीत असतं.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ठोके मधूनच चुकल्यासारखे वाटणं, पडून राहूनही धाप लागणं, यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. त्या वेळी घड्याळाशी खेळत बसू नका.

जिना मात्र मला अजून सुटलेला नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि महिन्यातून एकदा तरी खाली उतरावं लागतंच. प्रत्येक पायरीला थांबा, पाच पायऱ्यांनी थांबा, बुडावर बसत बसत चढा, सगळं करून बघितलं. पहिल्या मजल्यावरच १०० होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी न विचारता दाराबाहेर एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. मी तिथे बसते. काकू जाळीच्या दारातून विचारतात, "किती झाले?" मी सांगते, "शहाण्णव." त्या आत जाऊन कुकरची शिट्टी बघून येतात आणि परत विचारतात. ऐंशी म्हटलं की दार उघडून म्हणतात, "ऊठ आता."